निघणाऱ्याचे बूट

निघणाऱ्याचे बूट दाराकडे वळवून ठेवायचे, ही नागासाकीतली रीत. आधीच्या दोन्ही सांभाळणाऱ्या घरांत, सरकारी बाई आल्या त्याच दिवशी सात वर्षांच्या चिअकीचे बूट असे वळवलेले होते, आणि तिला तिथून हलवलं होतं. आज बाई या तिसऱ्या घरी आल्या, तशी ती स्वयंपाकघरात जाऊन दडली.

"बाहेर ये गं," या घरच्या तोमिएकाकू म्हणाल्या. "कोर्टाने तुला कायमचं आमच्या पदरात घातलंय. चर्चमध्ये सगळे सणासुदीचा तांबडा भात करून खोळंबलेत. बूट घाल बघू."

दारात बाईंचे बूट कुणीतरी बाहेर तोंड करून ठेवले होते. चिअकीचे मात्र कुठेच दिसेनात.



"तांदळाच्या डब्यात आहेत," ती हळूच म्हणाली.