बोललेला कोंबडा

नवऱ्याचा हात साजगावच्या कारखान्यात मशीनमध्ये सापडला, तेव्हा घाबरून मी येशूला कोंबडा बोलले. वर्षभर प्रार्थनेला जात होते, पण ऐन वेळी तोंडातून नवसच निघाला. हात वाचला, नोकरी गेली. तरी बोललेलं फेडायला हवं, म्हणून रविवारी कोंबडा काखेत धरून भिसेगावला प्रार्थनेला गेले. पास्टर हसले. "ताई, प्रभू असं काही घेत नाही." "मग नवस फेडू कसा?" "फेडायचा नसतोच." मला काही उमजेना. रोज पहाटे येशूशी बोलते, तेव्हा कुठे दिवस रेटता येतो. आणि त्याचाच नवस अंगावर ठेवायचा? घरी सासू दारातच उभी. "काय गं, कोंबडा परत आनलास?" "त्याला नको." "मग बकरा मागतो?" "नाय. कायच घेत नाय." सासू घाबरली. "सांभाळून गं. कोंबडा मागनाऱ्या देवाचं कोंबड्यावर भागतं. याला हवंय तरी काय?"