पोलिसांआधीची भेट

एसटी वाटेत बंद पडली आणि समाजसेविका लोखंडेबाई बार्शीला दोन तास उशिरा पोचल्या. दादाने लगेच संधी साधली.

"बघितलंस, केतकी?" तो केतकीच्या मोबाइलमधून म्हणाला. "मी कधी उशीर केलाय? आणि बाई, तुम्हाला यायचा पगार मिळतो. मी फुकट माया करतो."

दादा म्हणजे नुसता आवाज. द्वेष पेरणाऱ्या टोळ्या एकट्या पडलेल्या पोरांसाठी असे माणसासारखे बोलणारे दादा एआयकडून घडवून घेत. शनिवारी पलीकडच्या वस्तीतली दुकानं पेटवायची, हे याने सतरा वर्षांच्या केतकीच्या गळी उतरवलं होतं. सरकारला सुगावा लागला होता. नियमाप्रमाणे पोलिसांआधी मन वळवायला बाईंना एकच भेट मिळे; पोर वळलं तर पोलीस येत नसत, पुढे बाईच भेटत राहत.

पगाराचं काही खोटं नव्हतं. बाईंना हसू आलं. छापील प्रश्नावली त्यांनी पिशवीत परत कोंबली.

"केतकी, मी काही चोवीस तास पुरणार नाही गं. मंगळवारी नि शुक्रवारी येईन. डोकं दुखत असलं तर चिडेनसुद्धा."

केतकी नखं कुरतडत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि शनिवारी?"

शनिवार बाईंच्या हक्काच्या सुट्टीचा. "शनिवारी माझ्याकडे सोलापुरात पापड लाटायचेत. एकटीला उरकत नाहीत. येतेस?"

"शनिवारचं आपलं ठरलंय, केतकी," दादा गोडीत म्हणाला.

केतकीने बाईंकडेच बघितलं. "मला पापड लाटता येत नाहीत."

"मला तरी कुठे गोल येतात?"

केतकीने मोबाइल बंद केला. "किती वाजता येऊ?"