द्वारकेची भूतकोळंबी

"अगो ए, जेवायला ये!" थोरली नणंद ओरडली.

"अगो काय? माझं नाव गिळलंस?" द्वारकाबाय खेकसली.

नणंदेने कललेल्या भिंतीकडे बोट दाखवलं. "मारू हाक? उरलेली जमीनही पोखरतील मेल्या."

किनाऱ्याची घाण खायला शास्त्रज्ञांनी ही आरपार दिसणारी कोळंबी घडवली होती. ती वाळूत बिळं करी आणि नावाने बोलावलं की झुंडीने येई. "नाव माझंच ठेवा," असं द्वारकाबायनेच ठणकावलं होतं, आणि बारशासारखं नणंदेकडून बिळाच्या तोंडाशी कुर्र करवून घेतलं होतं. तेव्हापासून कोळीवाड्यात द्वारकाबायला कुणी नावाने हाक मारत नव्हतं.

नणंद गेल्यावर द्वारकाबाय जमिनीशी वाकली आणि स्वतःचं नाव पुटपुटली.

खालून टकटक झाली. चूल वीतभर खचली.

तिने पुन्हा हाक मारली.