बोळा

दसऱ्याची दुपार. हँडलला झेंडूची माळ घातलेल्या मोटरसायकलवर बापू छाती धरून बसले होते, मागून सून अमृताने त्यांना सावरलं होतं. ॲम्ब्युलन्स टॉवर चौकातल्या गर्दीत अडकलेली. मुलगा पराग किकवर किक मारत होता. “स्टार्ट हो जा ना यार!” चोक ओढला, प्लग काढून पुसला, गाडी ढिम्म. बापूंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, बोट सारखं मागे जात होतं. मागे घराचं दार होतं. “बापू, देवाला आल्यावर नमस्कार करू!” तो खेकसला आणि मग त्याला सायलेन्सर दिसला. आत बापूंची जुनी बंडी कोंबलेली. सकाळी पूजेसाठी गाडी धुताना पाणी शिरू नये म्हणून त्यांनीच लावलेला बोळा. परागने तो उपटला. पहिल्याच किकला गाडी धडधडली. “चला बापू, पोचलोच!” “पराग,” अमृता म्हणाली, “गाडी बंद कर.”