तारेवरचे कान

दोन लांब, एक आखूड. घंटी आपलीच, हे गुड्रुनला लगेच कळलं. समोरच्या लोहारशाळेत नवऱ्याचा, हाल्वरचा घण चालला होता. पिठाच्या हातांनीच तिनं भिंतीवरचा फोन उचलला.

"कॅलिफोर्नियाहून आहे," एक्स्चेंजमधली मुलगी म्हणाली. "तीनच मिनिटं, बरं का."

आणि मग ऑर्लिन. "आई..."

पुढचं काही कळेना. कट्, कट्, कट्. एकेक घर फोन उचलत होतं. मिनेसोटातल्या त्या रस्त्यावर सगळ्या घरांची तार एकच होती. घंटी कुणाचीही असो, वाजायची सगळीकडे आणि उचलायचे सगळे. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. गुड्रुननं स्वतः शेजारच्या टेक्लाच्या सुनेचं अख्खं बाळंतपण असंच ऐकलं होतं. पण कान जितके जास्त, तितका आवाज बारीक. हा तर इतक्या लांबून आलेला, आधीच चिमणीएवढा.

आणि हा आवाज तिनं वर्षभर ऐकला नव्हता. हाल्वरचा थोरला भाऊ मागच्या युद्धात फ्रान्सला गेला, तो परत आलाच नाही. तरी पोरानं आपण होऊन आरमारात नाव घातलं. त्या दिवशी हाल्वरनं त्याला बाहेर काढलं. "याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही," तो म्हणाला. लोहाराचा शब्द, ठोकून पक्का केलेला. तेव्हापासून गुड्रुन त्याला पत्रंसुद्धा चोरून पाठवायची. लोहारशाळेतही फोन होता, पण हाल्वर त्याला हात लावत नसे. "घणानं कान गेलेत माझे, मला काय ऐकू येणार," म्हणायचा. गिऱ्हाइकांचे निरोपही गुड्रुनच घ्यायची.

"...उद्या जहाज..." एवढंच तिला ऐकू आलं.

तिचं डोकं सणकलं.

"थांब रे ऑर्लिन. आता बाकीचे सगळे ऐका. माझं पोर उद्या समुद्रावर चाललंय. परत कधी बोलेल, देव जाणे. मला त्याचा आवाज ऐकायचाय आणि आजच ऐकायचाय. ठेवा फोन."

कुणी हललं नाही.

"टेक्लाबाई, तुमची किटली शिट्ट्या मारतेय, ती मला इथवर ऐकू येतेय."

"अगं बाई, मी कुठं ऐकतेय," टेक्ला म्हणाली.

"मग ठेवायला काय जातंय? उद्या सकाळी कॉफीला या. शब्दन् शब्द सांगेन. सगळेच या. पण आत्ता ठेवा."

"केक असेल का?" कुणीतरी बाप्या माणूस पुटपुटला.

"असेल. ठेव मेल्या."

कट्. कट्. पुन्हा कट्. प्रत्येक कट्सरशी ऑर्लिन एकेक गाव जवळ आल्यासारखा वाटत होता.

"आई, आता येतंय का ऐकू?"

"येतंय. जेवतोस ना वेळेवर?"

"जेवतो गं. आई, बाबा अजून रागावलेत?"

गुड्रुन उत्तर देणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. तारेवर अजून कुणीतरी होतं. जड, धापा टाकल्यासारखा श्वास. कोण हा निर्लज्ज? चांगलं खडसवायला तिनं तोंड उघडलं आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. लोहारशाळेचं दार सताड उघडं होतं. ऐरणीवर लाल लोखंड तसंच निवत पडलं होतं. घण कधी थांबला, तिला कळलंच नव्हतं.

तिनं तोंड मिटलं. डोळे भरून आले, ते पिठाच्या मनगटानं पुसले.

"आई? आहेस ना?"

"आहे. बाबांना काय सांगायचंय, ते सांग."

पोराचा आवाज एकदम खाली गेला. "सांग, जहाजावर मला लोहारकामच दिलंय. घण त्यांच्यासारखाच धरतो मी. आणि सांग... मी परत येणार आहे."

गुड्रुननं फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मोठ्यानं सांग, बाळा," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना कमी ऐकू येतं."