चिकटलेली पापणी

आमच्या याकूतियात हिवाळ्यात श्वास सोडला की तो हवेतच गोठतो आणि कानापाशी सळसळत खाली पडतो. म्हणून गुरू ग्रह बघताना आम्ही श्वास रोखतो. नाहीतर दुर्बिणीच्या काचेवर बर्फ धरतं.

त्या संध्याकाळी अंगणात मी डोळा जरा जास्तच टेकवला. पापणी धातूच्या कड्याला चिकटली.

"घ्या! शाळेत पोरांना बजावता आणि स्वतःच चिकटता, दाजी!" माझा मेहुणा एर्चिम खिदळला.

"दात काय काढतोस? फुंकर मार, सुटेल."

त्यानं दोनदा फुंकलं. "वाटेतच गोठतेय की! ऊन पाणी आणतो. ओढू नका हं, कातडी निघेल." तो घरात पळाला.

मी श्वास रोखून उभा राहिलो. कानापाशी सळसळ झाली.

"एर्चिम, आलास?"

"पाणी तापतंय, दाजी!" घरातून आवाज आला.

सळसळ पुन्हा झाली, आता अगदी जवळ. काचेतला गुरू धुरकटला, स्वच्छ झाला, परत धुरकटला. हाक मारल्यापासून मी तर श्वास सोडलाच नव्हता.

मग पापणीला ऊब लागली. हलकी, ओलसर फुंकर. पापणी अलगद सुटली.

फुंकर आली होती ती दुर्बिणीच्या आतून.