गोव्याचा किल्ला

क्रूझच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "उद्या गोव्यात किल्ला किंवा मसाल्याची बाग. व्हीलचेअर मात्र कुठेच जाणार नाही."

"मग आम्ही बोटीवरच थांबतो," पद्मजा म्हणाली. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून ती एकटी कुठे गेलीच नव्हती.

"हिचं एकटीचं किल्ल्याचं तिकीट द्या," शरदराव म्हणाले.

"अहो, तुम्हाला भरवणार कोण?"

"इथे माणसं आहेत. जा तू."

सकाळी बसच्या सीटला डोकं टेकताच तिला गाढ झोप लागली. किल्ला आला, गाइडने हाका मारल्या, तरी ती उठली नाही. जागी झाली तेव्हा बस बंदरावर परतली होती.

शरदराव डेकवर वाट पाहत होते. "कसा होता किल्ला?"

"छान."

तिच्या गालावरचा सीटचा वळ पाहत ते म्हणाले, "मग कोचीला बोट थांबेल तेव्हाही एकटीच जा."